बाई, तुम्ही पार्शालिटी करता!

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या शिक्षिका १४ वर्षं शिकवत आहेत. यंदा त्यांच्याकडे सहावीचा वर्ग आहे, पटावर ४४ मुलं. एका मुलीला डिस्लेक्सिया आहे, तिला चाचणीत जादा वेळ मिळतो. एक मुलगा वर्षाच्या मध्येच आला, त्याच्या घरची भाषा वेगळी आहे, म्हणून त्याची उत्तरं बाई तोंडी घेतात. तिसरा मुलगा धाकट्या भावंडांना त्यांच्या शाळेत सोडून मग येतो. त्याला रोज दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो आणि बाई त्याला रागवत नाहीत. गेल्या महिन्यात वर्गातला सर्वांत हुशार मुलगा भर तासाला उठून म्हणाला, "बाई, तुम्ही पार्शालिटी करता." वर्ग चिडीचूप झाला. बाईंना उत्तर सुचलं नाही. "नंतर बोलू" म्हणून त्या फळ्याकडे वळल्या. दोन दिवसांनी त्या मुलाच्या वडिलांची चिठ्ठी आली: नियम सगळ्यांना सारखा नको का? स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. बाई विचारतात, "मी आजवर कुणाचं घर, पैसा, धर्म, भाषा पाहिली नाही. माझ्यासाठी सगळी मुलं सारखी. मग मी अन्याय करतेय का? सवलती बंद करून टाकू का?"

सवलती बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, कारण ती मुलगी पुढच्या चाचणीला बसेल तेव्हा तुमच्या मनातली घालमेल तिला तुमच्या चेहऱ्यावर दिसायला नको. पण तुमच्या तिन्ही सवलती मला सारख्या वाटत नाहीत. एक ठाम बरोबर आहे, एक बरोबर असून अर्ध्यावर सुटलेली आहे आणि एक बदलायला हवी. शिवाय त्या मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. त्याने बोट दाखवलं तिथे ते नाही, दुसरीकडे आहे.

आधी त्या मुलाबद्दल. तुमच्या पत्रात तो "उद्धट नाही, पण" असा येतो. सहावीतला म्हणजे साधारण अकरा वर्षांचा. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांना छोट्या छोट्या गोष्टी सांगून "यात बरोबर काय, चूक काय" असं विचारलं होतं. १९३२ साली त्यांनी मांडलं की सात-आठ ते अकरा या वयात मुलं सारखेपणाला घट्ट धरून असतात: सगळ्यांना एवढंच, एक घास कमी नाही की जास्त नाही. अकरा-बाराच्या सुमारास त्यांना दिसू लागतं की परिस्थिती वेगळी असेल तर वाटणीही वेगळी असू शकते. तुमचा वर्ग नेमका या उंबरठ्यावर उभा आहे. निम्म्या मुलांच्या मनात अजून जुना हिशोब आहे, निम्म्यांच्या मनात नवा जुळतोय. त्या वयाला शोभेल असाच प्रश्न त्याने विचारला, आणि तोंडावर विचारला. पाठीमागे कुजबुजला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. त्याच्यावर रागावला असाल तर तो राग सोडून द्या.

आता तुमचं ते वाक्य, "माझ्यासाठी सगळी मुलं सारखी." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले होते, अगदी मनापासून. मग एकदा मी एका सहशिक्षिकेला माझ्या तासाला मागच्या बाकावर बसवलं. तिच्या हातात वर्गाच्या बैठकीचा नकाशा दिला आणि सांगितलं, मी ज्याला प्रश्न विचारेन त्याच्या चौकोनात एक टिंब दे. चार दिवस ती येत राहिली. पाचव्या दिवशी तिने कागद समोर ठेवला. मधल्या रांगेतल्या पहिल्या तीन बाकांवर टिंबांची गर्दी झाली होती. खिडकीकडच्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला, मागच्या चार चौकोनांत एकही टिंब नव्हतं. त्यातला एक चौकोन एका मुलीचा होता. तिचं अक्षर सुंदर, वह्या नेहमी वेळेवर, कधी तक्रार नाही. मला ती "गुणी मुलगी" म्हणून माहीत होती. चार दिवसांत मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. बहुधा त्या आधीच्या चार महिन्यांतही नसेल. मी तिच्यावर अन्याय करायचं ठरवलं नव्हतं. मी उजव्या हाताने लिहिते, फळ्याकडून वळताना माझी मान उजवीकडे जाते, आणि नजर जिथे जाते तिथलेच हात मला दिसतात. एवढंच कारण. पण तिच्या बाजूने पाहिलं तर कारण कोणतंही असो, चार महिने कुणी विचारलंच नाही.

वर्गात सगळ्यात मोलाची वाटणी शिक्षकाच्या लक्षाची असते, आणि तिचा हिशोब कुठेच लिहिला जात नाही. जादा वेळ दिसतो, कारण सगळे पेपर देऊन उठतात तेव्हा ती मुलगी लिहीत बसलेली असते. तुम्ही कुणासाठी किती सेकंद थांबलात हे कुणाला दिसत नाही. अमेरिकेत शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची शेकडो ध्वनिमुद्रणं ऐकून १९७० च्या दशकात याचं मोजमाप केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते आणि मग स्वतः बोलत होते किंवा दुसऱ्याकडे वळत होते. त्यातही ज्यांना ते हुशार समजत त्यांच्यासाठी जवळपास दुप्पट वेळ थांबत. म्हणजे ज्याला विचार करायला वेळ हवा त्यालाच कमी. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते उद्या करून पाहा. प्रश्न विचारा आणि मनात सावकाश एक, दोन, तीन मोजा. पहिल्या दिवशी ते युगासारखे वाटतील. तो वर्गातला जादा वेळच आहे, फक्त त्याला कुणी सवलत म्हणत नाही.

हे दुष्ट किंवा आळशी शिक्षकांकडून होतं असंही नाही. रे रिस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका शाळेतली मुलं बालवर्गापासून दुसरीपर्यंत पाहिली आणि १९७० साली ते निरीक्षण प्रसिद्ध केलं. बालवर्गाच्या बाईंनी आठव्या दिवशी मुलांच्या कायमच्या जागा ठरवल्या. नीटनेटके कपडे, बाईंसारखी बोली, घरची बरी परिस्थिती असलेली मुलं बाईंच्या जवळच्या टेबलापाशी, बाकीची लांब. तोवर एकही परीक्षा झालेली नव्हती. दुसरीत गेल्यावरही ती उतरंड जवळपास तशीच राहिली होती. या गोष्टीतला मला सगळ्यात बोचणारा तपशील हा की बाई आणि मुलं एकाच समाजातली होती, सगळीच कृष्णवर्णीय. परकेपणाची भिंत नव्हती, तरी आठ दिवस पुरले. तुम्ही लिहिता, मी घर-पैसा-भाषा पाहिलीच नाही. आपण पाहत नाही म्हणतो तेव्हा आपले डोळे मिटलेले नसतात. ते पाहत असतात, आपण फक्त त्यांच्याकडून हिशोब मागत नाही. म्हणून माझी विनंती अशी की "सगळी सारखी" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा आणि मोजा.

मागच्या बाकावर बसायला कुणी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर नकाशा टेबलावर ठेवा आणि तास संपल्यावर आठवून टिंबं द्या. आठवणीतली टिंबं कमी पडतील, पण कोणता चौकोन कोरा राहिला ते कळेल. दोन आठवडे करा. मग त्या कागदाकडे एकेका प्रश्नाने बघा: मुली किती, मुलगे किती? घरी वेगळी भाषा बोलणारे किती? कोणत्या मुलांना मी फक्त शिस्तीसाठी हाक मारली? हा शेवटचा प्रश्न दुखतो. काही मुलांचं नाव आपल्या तोंडी दिवसभरात फक्त "गप्प बस"च्या आधी येतं.

मोजल्यावर उपाय फार अवघड नाही. ४४ नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका आणि प्रश्न विचारून झाल्यावर चिठ्ठी काढा, आधी नाही. आधी नाव पुकारलं की बाकीचे ४३ जण विचार करणं सोडतात. जागा दर महिन्याला फिरवा. आणि चिठ्ठी निघालेल्या मुलाला उत्तर आलं नाही तर "मी पुन्हा तुझ्याकडे येते" म्हणा आणि खरंच या. दुसऱ्याचं उत्तर ऐकून त्याने ते आपल्या शब्दांत सांगितलं तरी तो तास त्याचा झाला.

आता सवलती. डिस्लेक्सिया असलेल्या मुलीचा जादा वेळ ही तुमची कृपा नव्हे, ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही हे सांगा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अशी वाजवी सोय नाकारणं म्हणजेच भेदभाव, असं स्पष्ट म्हटलं आहे. तिचं डोकं मंद नाही, अक्षरं उलगडायला तिला वेळ लागतो. इतिहासाच्या पेपरात तुम्हाला तिचा इतिहास तपासायचा आहे, वाचनाचा वेग नाही. मात्र यातून एक प्रश्न निघतो. बाकीच्या ४३ जणांचा तरी वेग तुम्हाला तपासायचा आहे का? नसेल तर ४० मिनिटांत सुटेल असा पेपर काढा आणि सगळ्यांनाच तासभर द्या. "एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं" हे सहकाऱ्यांनी धमकीसारखं म्हटलं असेल, पण कधी कधी तो उत्तम सल्ला असतो. फळ्यावर मोठं अक्षर, सूचना तोंडी सांगून शिवाय लिहूनही देणं, पेपरात दोन ओळींत मोकळी जागा: एकाची गरज म्हणून सुरू करा, सगळ्यांना द्या. मग ती मुलगी एकटी उठून दिसणार नाही. त्यानंतरही तिला आणखी वेळ लागेल, तो तिला मिळालाच पाहिजे. पण तो त्रेचाळीस जोड्या डोळ्यांसमोर द्यायची गरज नाही.

तोंडी उत्तरांबद्दल माझं मत वेगळं आहे. सुरुवातीला तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, मुलाला वर्गात पाय रोवता आला. पण त्याला येऊन आता पाच महिने झाले, असं तुम्ही लिहिता. तो कधी लिहिणार? लिहायची वेळच आली नाही तर लिखाणात तो मागेच राहील आणि ही मदत त्याला अडकवून ठेवेल. कॅनडातले भाषाअभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं आहे की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे दोन चुका टाळा. मैदानात फडाफडा बोलतो म्हणून पेपरही तसाच लिहील, ही एक. आणि पेपर लिहिता येत नाही म्हणून त्याला विषय कळलेला नाही, ही दुसरी. त्याच्यासाठी पायऱ्या करा. आधी त्याच्या घरच्या भाषेत मुद्दे लिहू द्या, तुम्हाला वाचता आले नाहीत तरी चालेल. मग शेजारच्याशी बोलून वर्गाच्या भाषेत तीन वाक्यं. पुढच्या महिन्यात पाच. शब्दांची यादी समोर ठेवून लिहू द्या, मग यादी काढून घ्या. त्याच्या वहीत तारीख घालून हे दिसू द्या. एखाद्या धड्यातला शब्द फळ्यावर त्याच्या भाषेतही लिहायला त्याला बोलवा, वर्गाला तो उच्चारायला शिकवू द्या. वर्गात काहीतरी फक्त त्याला येतं, हे त्याने आणि इतरांनी बघणं गरजेचं आहे.

उशिरा येणाऱ्या मुलाला बाहेर उभं केलं नाहीत, त्याबद्दल तुमचं कौतुक वाटतं. जो मुलगा दोन भावंडांचे हात धरून सकाळी रस्ता ओलांडतो, त्याला बेजबाबदार कसं म्हणायचं? पण त्याची खरी अडचण शिक्षा ही नव्हतीच. पहिली पंधरा मिनिटं रोज त्याच्या हातून जातात, ती तुम्ही त्याला परत कुठे देता? नवा भाग पहिल्या पंधरा मिनिटांत सुरू करू नका. त्या वेळात वाचन, उजळणी, वह्या वाटप घ्या. त्याच्या घरच्यांशी एकदा बोला, आरोपाच्या सुरात नको. भावंडांची शाळा दहा मिनिटं आधी दार उघडू शकेल का, हे विचारायला मोठ्या माणसाने फोन केला की फरक पडतो.

आणि तो हुशार मुलगा. त्याच्याकडे मुद्दाम शेवटी आले, कारण पत्र वाचताना तोच माझ्या मनात घर करून राहिला. मी एकदा वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या होत्या: "शिकताना मला काय अडतं, आणि काय केलं तर बरं होईल?" नाव घालायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं. बऱ्याच चिठ्ठ्या अपेक्षित होत्या. फळा दिसत नाही, शेजारचा ढकलतो, तुम्ही भरभर बोलता. एक चिठ्ठी वर्गात कायम पहिल्या येणाऱ्या मुलीची होती, अक्षरावरून ओळखली. "माझं झाल्यावर मी नुसती बसून असते. बाई म्हणतात, शाबास, आता गप्प बस." तिला मी वर्षभर काहीही दिलं नव्हतं, कारण तिला काही कमी आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुमचा विद्यार्थी जेव्हा म्हणतो की त्यांना देता आणि मला नाही, तेव्हा कदाचित त्याला जादा वेळ नको असेल. त्याला तुम्ही हवे असाल. त्याला एकट्याला बोलवा आणि विचारा, "तुला काय मिळत नाही असं वाटतं?" मग तीन सेकंद थांबा. हवं तर तीस थांबा.

तो जे सांगेल त्यावर काहीतरी करा. त्याला इतरांना शिकवायला बसवणं हा सोपा मार्ग वाटतो. कधीमधी चांगलाही आहे, पण रोजचा नको, तो तुमचा सहायक म्हणून शाळेत येत नाही. त्याला त्याच्या ताकदीचा प्रश्न द्या, जो पहिल्या फटक्यात सुटणार नाही. गटात काम देत असाल तर मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांची १९७१ मधली पद्धत वापरा. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा. मग दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय कुणालाच धडा पूर्ण होत नाही. अमेरिकेत वंशानुसार वेगळी ठेवलेली मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि वर्गात तेढ वाढली, तेव्हा ती पद्धत शोधली गेली. तिथे हुशार मुलाला हळू बोलणाऱ्याचं ऐकावंच लागतं, आणि हळू बोलणाऱ्याकडे असं काही असतं जे सगळ्यांना हवं असतं.

तपासणीबद्दल थोडक्यात. एकदा "ही चांगली" असं मनात बसलं की तिचं सगळंच चांगलं दिसतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी हे १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या सैनिकांना दिलेल्या शेऱ्यांमध्ये पाहिलं होतं, आणि वह्यांच्या गठ्ठ्यातही ते होतं. नाव मागच्या पानावर लिहायला सांगा. एका मुलाचा सगळा पेपर तपासण्याऐवजी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा दुसरा. शेरा लिहिताना मात्र नाव डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सातवीच्या मुलांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. निबंधावर लाल शेऱ्यांसोबत काही मुलांना एक चिठ्ठी होती: माझी अपेक्षा मोठी आहे आणि ती तू पुरी करशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे देतेय. बाकीच्यांना नुसतीच साधी चिठ्ठी होती. कृष्णवर्णीय मुलांपैकी साधी चिठ्ठी मिळालेल्यांत १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला, ही चिठ्ठी मिळालेल्यांत ७२ टक्क्यांनी. मुलं थोडी होती, त्यामुळे आकडे ताणू नयेत. पण ज्या मुलाला आधीच वाटतं की बाई मला कमी लेखतात, त्याला लाल शाई कशी दिसते हे त्यावरून कळतं. कमी अपेक्षा ठेवून दिलेली सूट हीसुद्धा पार्शालिटीच आहे, फक्त ती गोड लागते.

वर्गाशी बोलायचं राहिलंय. "नंतर बोलू" म्हणाला होतात, मुलं ते विसरलेली नाहीत. "तो प्रश्न चांगला होता, मला उत्तर द्यायला उशीर झाला" इथून सुरू करा. कुणाला कोणती सवलत का, हे अजिबात सांगू नका. "तिला हे का, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला काही लागलं तर तेही मी कुणाला सांगणार नाही." एवढं वाक्य पुरतं, आणि मुलांना ते पटतं, कारण त्यात त्यांचंही संरक्षण आहे. मग "मला काय अडतं" हे लिहायला कोऱ्या चिठ्ठ्या वाटा.

वडिलांना चिठ्ठीने उत्तर देऊ नका, भेटायला बोलवा. इतर मुलांविषयी बोलणार नाही हे नम्रपणे पण पहिल्यांदाच सांगा. नियमावर वाद घालत बसू नका. तुमच्या मुलाला मी काय देते आणि काय द्यायचं राहून गेलंय, यावर बोला. राहून गेलेलं आधी सांगा. त्यासाठी त्या दिवसापर्यंत त्याच्याशी तुमचं बोलणं झालेलं असू द्या, त्याला दिलेला पहिला अवघड प्रश्न त्याच्या वहीत असू द्या, आणि ती वही टेबलावर उघडी ठेवा.